तारेची आंबट चव

गुरुजी, तुमचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि न्यायशास्त्र शिकवणाऱ्याला ते शोभतही होतं. डोंगरावर धूर आहे म्हणून अग्नी आहे, असं आम्ही घोकायचो आणि तुम्ही विचारायचात, "धूरच कशावरून? धुकं नसेल?" शिष्याने आणलेलं तूप हाताच्या पाठीवर चोळून हुंगायचात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता माझ्याच मिशा पिकल्या. तरी तुमच्याकडून शिकलेला एक संशय माझ्याकडे पडून आहे, आणि तो तुमच्याचबद्दलचा आहे.

समुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली होती आणि इथे अकोल्यात कापसाच्या तेजीने दलालांच्या बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू आले होते, तेव्हाची गोष्ट. मी तारऑफिसात मास्तर. जवळच नवं तारघर उघडलं होतं; मुंबईच्या तारा आता तिथूनच पुढे आमच्याकडे येत, पण तिथल्या माणसाने जोर मात्र लांबच्या तारेचा ठेवलेला: तारेला वीज पुरवणाऱ्या, मोरचुदाच्या निळ्या पाण्याने भरलेल्या काचेच्या बरण्यांची भली मोठी रांग. एवढा दाब जवळच्या तारेवर झेपत नाही. यंत्रातला लोहचुंबक पट्टी पकडायचा तो सोडायचाच नाही. आखूड-लांब ठोके एकमेकांत मिसळून नुसता गोंधळ. उपाय दोन. बरण्या कमी केल्या की दाब उतरतो, त्याच्यामागून प्रवाहही. बरण्या दुसऱ्याच्या ताब्यात असतील तर आपल्या बाजूला, वाटेत, बारीक तारेचं लांब वेटोळं घालायचं. पाटात गोटे टाकले की पाणी जसं रेंगाळतं, तसा प्रवाह मंदावतो. मी वेटोळं घातलं. यंत्र शहाण्यासारखं वागू लागलं. आणि नेमका त्याच दिवशी कापसाचा भाव पडला.

दलाल खिडकीतून बघतच होते. त्यांच्यातला सगळ्यात मोठा ओट्यावर चढून ओरडला, "मास्तर, तारेतला जोर काढून राहिले तुमी! मुंबईहून भाव पुरा निंगते, आन् तुमच्या वेटोळ्यात पातळ होऊन आमाले भेटते. काहून? दुधात पाणी टाकाची सवय हाय का घरी?" मी त्याला काकतालीय न्याय सांगितला: कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला एकच गाठ, दोष कावळ्याचा नाही. तो म्हणाला, "कावळा कोन, थे बी सांगा."

साहेबाकडे तक्रारीचा अर्ज जाणार होता; नोकरी गेलीच असती, नावही. शेवटी तोड दलालांनीच काढली. तुम्ही अमरावतीहून आपल्या इनामी जमिनीचा कापूस गाड्यांवर घालून बाजारात आला होतात. "शास्त्रीबुवाले आत धाडा," दलाल म्हणाला. "ज्याले आपल्या सावलीचा भरोसा नाही, थो खोटं कायले बोलन?"

तुम्ही येता तुमच्या सवयीने, आधी खोलीचे कोपरे बघत. "जोर कमी, मग मजकूर कमी कसा नाही?" मी म्हणतो, "पुटपुटत जप केला म्हणून मंत्र बदलतो का? मजकूर जोरात नाही, ठोक्यांच्या क्रमात आहे. आखूड आणि लांब." "म्हणजे लघु आणि गुरु?" तुमचे डोळे लकाकतात. मी हौसेने आकडे मांडून दाखवतो: एक लघु चार गुरु म्हणजे एक, दोन लघु तीन गुरु म्हणजे दोन. "अरे, हा तर छंदातला प्रस्तार!" तुम्ही हसता आणि लगेच सावध होता. "मला चव पाहू दे."

आम्ही तारेचा जोर जिभेवर तपासतो, हे तुम्ही कुठून ऐकलंत कोण जाणे. पलीकडच्याला कळ दाबून धरायला सांगून मी यंत्राच्या तारा सोडवून दिल्या. तारेच्या सोवळ्याबद्दलही शंका असल्याने तुम्ही टोकं आधी तांब्यातल्या पाण्याने धुतलीत. पहिल्यांदा वेटोळं काढून. तुम्ही असे उडालात की पागोटं नाकावर आलं. मग वेटोळं घालून. या वेळी तुम्ही डोळे मिटलेत आणि जपाला बसावं तसे कितीतरी वेळ उभे राहिलात. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. "कसं वाटतं?" "आंबट," एवढंच बोलून तुम्ही बाहेर गेलात.

मी तारा पुन्हा जोडल्या तर पलीकडचा वैतागलेला: कळ धरून हात दुखला म्हणून मुंबईचा भाव पाठवून मोकळा झालो, घेतला की नाही? मी तो परत मागवला. भाव आणखी पडला होता. चिठ्ठी डकवायला बाहेर आलो तेव्हा तुमची साक्ष झाली होती, "पोरगा प्रामाणिक आहे. जोर कमी केला, भाव नाही," आणि रुमालाखाली, सौद्याच्या रीतीने, तुमची नि दलालाची बोटंही जुळून सुटली होती. तुमचा सगळा कापूस त्याचा झाला होता, कालच्या भावाने. त्याने चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं. तुम्हाला सत्यवचनी त्यानेच ठरवलं होतं. अर्ज गेला नाही. माझी नोकरी राहिली.

तुम्ही पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत, आणि मीही विचारलं नाही. पण ऑफिसात कुणी नसलं की वेटोळं घालून, डोळे मिटून, मी तारेला जीभ लावून पाहत आलो आहे. उभा जन्म ठोक्यांत गेला, तरी जिभेला एक आकडा उमगत नाही. नुसतं आंबट लागतं. म्हणजे अनुमानाने तुम्ही निर्दोष आहात. कावळा आणि ताड. विचारणाऱ्याला मी आजवर हेच सांगितलं.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. तुमच्याकडे तार गेली असती तरी पलीकडच्या बरण्यांचा भरवसा मी धरला नसता. पण लिहितोच आहे तर सांगतो, गुरुजी: तुम्ही खरंच निर्दोष निघालात, तर मला जरा वाईटच वाटेल.