हद्दीवरची माती

पौष वद्य द्वादशी, शके १८०५. कोपरी, ठाणे.

आज कल्याण सुटलं. मी नि सून मालन नव्या घरात आलो. पंढरी घाटात आगगाडीच्या लायनीच्या कामावर. जाताना बजावून गेलाय, आई, शिकवलेली अक्षरं गंजवू नकोस, रोजचं लिहून ठेव, आलो की वाचीन. तर घे, वाच.

घर झकास. टेशन जवळ, कचेरीत खेटे घालणारी माणसं दारावरून जातात. ओटीवर खानावळ घालणार. मालनला जागा अंधारी वाटते. तिला कल्याणातली पण अंधारीच वाटत होती. चुलीवर दूध उतू जाऊ दिलं, घर आपलं झालं.

परसात विहीर आहे. खाडी इतकी जवळ, तरी पाणी खडीसाखर. आजूबाजूला सगळं मचूळ. घर विकणारे हरिहरपंत तोंडावर बोलले होते, की विहीर घराची नव्हे, शेजारच्या धाकूची, घराची हद्द तिच्या अलीकडे संपते. पण तो पाण्याला कोणाला नाही म्हणत नाही. मग नसेना आपली. भात शिजल्याशी काम.

पौष अमावास्या

खानावळ लागली. वरणाला नावाजतात.

धाकू येऊन गेला. मिठागरावरचा म्हातारा, तळपाय मिठाने फुटलेले. ताक दिलं. म्हणाला, विहीर माझ्या धाकट्या भावाने खणली, मधूने. खणताना कड ढासळली, मधू उभाच्या उभा गाडला गेला. त्याला काढलं, त्यानंतर पाणी लागलं. तांदळाचा भाव सांगावा तसं सांगितलंन. मला जेवणाऱ्यांची घाई, मी म्हटलं ताक संपवा.

माघ शु॥ द्वितीया

सरकारची मोजणी आली. साखळ्या, निशाणं, दगडांची गाडी. प्रभाकर म्हणून कारकून आहे, काडीसारखा. म्हणाला, ज्याने त्याने हद्द दाखवायची, तिथे दगड बसणार, मग मालकीची सनद. दगडाच्या आत काय ते बांधा, बाहेर बोट लावायचं नाही.

मी विचारलं, विहीर? कागद धाकूकडे नाही, माझ्याकडेही नाही. कारकून म्हणाला, भांडलात तर सरकारजमा लिहीन. तेव्हा धाकूने जुनी रीत काढली. विहीर माझी म्हणेल त्याने विहिरीची माती डोक्यावर घेऊन हद्द चालून दाखवायची. कारकून हसला, पण त्याचं काम उरकत होतं, हो म्हणाला. धाकू स्वतः चालायला तयार नाही. भावाच्या डोक्यावर पडली ती माती मी डोक्यावर घेणार नाही म्हणतो.

मग मी घेईन. आज हा म्हातारा पाणी देतो. उद्या मेला, नि त्याच्या वारसांनी विहिरीला कुंपण घातलं, तर माझी चूल विझेल.

माघ शु॥ तृतीया

चालले. धाकूने विहिरीच्या कडेची तांबडी माती स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावरच्या पदरावर ठेवली आणि म्हणाला,

"बाय, खरा चाललीस तं माती हलकी. खोटा चाललीस तं ती उतरत नाय. पुनवेच्या आत खरा बोल, म्हंजे सुटशील."

मी पुढे झाले. विहिरीपाशी पाय जरा अडले. मग बाहेरून वळसा घेतला. विहीर आत. कारकुनाने दगड बसवला. धाकू सरळ घरी गेला. मी माती झटकली नि पिठलं टाकलं.

माघ शु॥ षष्ठी

उशीवर माती. कौलं पाहिली, शाबूत आहेत. शिकेकाईने न्हाले. घंगाळात तांबडा चिखल. आमच्या परसातली माती तर काळी आहे.

माघ शु॥ अष्टमी

डोकं जड. भातात खर लागली. तांदूळ मीच धुतला होता, पुन्हा पुन्हा धुतला. वकिलाचा कारकून ताट सारून उठला. म्हणाला, बाई, भात रांधता की शेत पेरता? सगळे हसले. तपेल्यावर वाकले तेव्हा पाहिलं. माती माझ्याच केसांतून पडत होती.

मालन रडते. धाकूबाबांना खरं सांगा म्हणते. पुनव काय लांब आहे, म्हणते. माझी मान मोडली तरी चालेल, विहीर सोडणार नाही.

माघ शु॥ एकादशी

भर दुपारी हद्दीवरून कोणी चाललं. माणूस दिसत नाही. पावलं उमटतात, ओली, तांबडी. मालननेही पाहिली. माझ्याच वाटेने येतात, पण विहिरीपाशी बाहेरून वळत नाहीत. आतून जातात. विहीर नि घर यांच्या मधून. खऱ्या रेघेवरून.

जेवायला कोणी आलं नाही.

माघ शु॥ त्रयोदशी

मान वर होत नाही. जमीनच दिसते. हरले. सोडते विहीर.

धाकू कळव्याला मिठागरावर गेलाय. मालनने मला धरून मोजणीच्या कारकुनाकडे नेलं. म्हटलं, विहीर— पुढे तोंडात माती. थुंकले. परत भरली. तो म्हणाला, बाई, बऱ्या झाल्यावर या.

येताना दगडापाशी पावलं होती. दगडापासून आमच्या दाराकडे—

माघ शु॥ चतुर्दशी

उद्या पुनव. मालनला कळव्याला धाडलं, धाकूला आणायला. बोलता येत नाही, लिहून तरी—

कागदावर पडते. पुसते, लिहिते.

परसात कोणी— मालन आली वाटतं. नाही. मालनची जोडवी वाजतात. ही पावलं वाजत नाहीत. ओली आहेत.

श्वासात माती.

पंढरी, दगड उपट. विहिरीच्या घराकडच्या अंगाला लाव. विहीर मधूची. मी खोटी चाल