दोन्हीकडे उजवा कौल

आई, आज वर्गात संभाव्यता शिकवताना त्या नाण्यांचा कंटाळा आला, म्हणून फळ्यावर तुझे कौल घेतले. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. टॉवरात वाढलेली पोरं, त्यांना कौल कुठला माहीत असायला! आणि तुझी रीत तर सगळ्यांहून निराळी. एका कौलावर तुझा भरवसाच नसायचा. सकाळी बेलपाड्याची गावदेवी, दुपारी उरणकडची तुझ्या माहेरची देवी. दोन्हीकडे उजवा पडला तरच काम करायचं.

हॉस्टेलवरून सुट्टीत आले होते तेव्हा मी तुला शहाणपण शिकवलं होतं. तू जवळा निवडत बसली होतीस. म्हटलं, "अगं, या देवीचं त्या देवीला ठाऊक नाही. म्हणजे अर्ध्याला अर्ध्यानं गुणायचं. दोन्हीकडे उजवा चारांत एकदाच. बाकीची तीन कामं तू उगाच बुडवतेस." तू मान वर केली नाहीस. "बुडू देत. तुझं कुठलं बुडलंय का? नाय ना? मग गप बस."

खरंच, माझं एकही बुडालं नाही. दहावीनंतर सायन्स, पुण्याचं हॉस्टेल, काकांनी आणलेलं स्थळ नाकारणं, आणि शेवटी जातीबाहेरचं लग्न. बाबा दरवेळी नाही म्हणायचे, तू दोन देवी पुढे करायचीस, बाबा गप्प. आज हीच चार कामं मी पोरांना गणित म्हणून घातली. उत्तर आलं दोनशे छप्पन्नात एक. मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, "मॅडम, मग कुणीतरी थापा मारतंय." वर्ग हसला, मीही हसले, आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेले. इतकी वर्षं हे शिकवतेय आणि माझ्या डोक्यात आलं नाही. लबाड बाई!

तुझा एकच कौल डावा पडला, तुझ्याच हृदयाच्या ऑपरेशनचा. डॉक्टर म्हणत होते, उशीर करू नका. मला तेव्हा आठवा महिना, बाळंतपणाला तुझ्याकडेच आलेली. उरणहून परतलीस आणि चपला काढता काढता म्हणालीस, "तिकडं डावा पडला. आता नाय." बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना तुला धाप लागायची, भिंतीला टेकून बसायचीस, तरी मला उठू द्यायची नाहीस. नातीचं उष्टावण तेवढं पाहिलंस आणि गेलीस. त्या डाव्या पाकळीला मी आजवर शिव्या देत आले.

ती पडली तरी होती का गं? की तू देवळात गेलीच नव्हतीस, माझ्या बाळंतपणात कुणी हवं म्हणून? आता कुणाला विचारू? हे लिहून तरी कुठं पाठवू? फार रडू येतं, आई.

तुझ्या त्या नातीला आता शिकायला परदेशी जायचंय, पण तिचे बाबा नको म्हणतात. गेल्या आठवड्यात म्हणाली, आजीसारखा कौल लाव की, मग बाबा अडवणार नाहीत. इथून, रोडपालीच्या घरून, रिक्षा करून बेलपाड्याच्या गावदेवीला गेले. डावी पाकळी आधी पडली. उरणला गेलेच नाही. घरी आले तर ती दारातच उभी.

"काय पडलं?"

"उजवा."

"दोन्हीकडे?"

"हो, दोन्हीकडे."