कार्डं बंद झाली त्या दिवशीचं जेवण

मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

आईचा पाय कसा आहे? काठीशी जमलं का तिचं, की अजून भांडणच चालू आहे? इकडे सगळं ठीक आहे. हे वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, त्यावरून काय ते समज. फोन करत नाही, कारण तुझा फोन आईच्या उशाशी असतो आणि ऑपरेशन पायाचं झालंय, कानाचं नाही.

आमच्या धंद्याची तुला काळजी लागली होती, म्हणून आधी तेच. भावोजींच्या ऑफिसचं जेवण अजून आमच्याकडेच आहे. त्यांची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली, हे भावोजींनी तुला सांगितलंय. पाठोपाठ नव्या व्यवस्थापक बाई आल्या. उंच, अबोल. जेवणघरात मांडलेली आमची गरम भांडी त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, "हे बंद करायचंय. यापुढे डब्यातलं जेवण, ज्याचं त्याच्या टेबलावर."

आमच्या आचाऱ्याने तर तिथल्या तिथे डाव खाली ठेवला. मी वाद घातला नाही. म्हटलं, काही दिवस दोन्ही देऊन बघू. त्यातच निम्मे लोक घरून काम करायला लागले. आज कोण येणार, कोण नाही, कुणालाच पत्ता नाही. रोज सकाळी मी स्वतः फोन करायचे आणि रोज नवीन उत्तर मिळायचं. जेवणारे कमी, सूचना फार! बाई तिखट बाजूला सारतात असं दिसलं, म्हणून एक भाजी सौम्य ठेवायला लागले. "ही कुणासाठी?" त्यांनी विचारलं. "ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी," म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा हसल्या. डब्यांचा विषय मागे पडला. मला वाटलं, जमलं.

मग तो गुरुवार उजाडला. सकाळपासून एकेकाला आत बोलावून कामावरून कमी करत होते. जेवायच्या वेळी त्यांची कार्डंही बंद झालेली. आमच्या काउंटरवरच्या मशीनला कार्ड टेकवलं की लाल दिवा. एक माणूस हातात रिकामं ताट धरून कार्ड पुन्हापुन्हा टेकवत होता. पुसायचा, टेकवायचा. 

बाई आल्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "कार्ड बंद असेल त्यांना देता येणार नाही. नियम आहे."

"बाई, सकाळी मी यांच्यासाठीच शिजवलंय. आज हे जेवूनच जातील. चालत नसेल तर उद्यापासून दुसरं कुणीतरी बघा."

बोलून गेले, मग भान आलं. आमच्याकडच्या सगळ्यांच्या चुली याच एका ऑफिसवर पेटतात गं.  बाईंनी वाकून मशीनची वायर भिंतीतून काढली आणि निघून गेल्या.

ताई, तो कार्ड पुसणारा माणूस कोण, ते अजून लिहिलं नाही. भावोजी होते.

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. "आई बऱ्या होईपर्यंत तिला कळता कामा नये." शेजाऱ्यांना संशय नको म्हणून आता रोज इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन घरातून निघतात आणि आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसतात. तुझा फोन आला की "मीटिंगमध्ये आहे" म्हणतात. समोर बटाट्यांचा ढीग असतो. सोलतात तेही असं, की अर्धा बटाटा सालीबरोबर जातो. आचारी हसतो. मला हसायला येत नाही.

काल बाई आमच्याकडेच आल्या. मला वाटलं, झालं, संपलं. तर म्हणाल्या, "जेवण तुमचंच राहू दे. पण ऑफिसात तुमचा एक माणूस कायम हवा. कोण येतंय, कुणाला काय हवंय, मला कळत नाही. लोक माझ्याशी बोलत नाहीत."

तेवढ्यात आतून भावोजी आले. हातात सालकाढणं तसंच. 

"मी येतो," भावोजी म्हणाले. "मी सगळ्यांना ओळखतो."

"तुम्हाला जमेल?" बाईंनी खाली बघत विचारलं.

"माझं जमेल. तुमचं बघा."

बाईंनी मान डोलावली.

सोमवारी ते त्याच दारातून आत जाणार, आमचा ॲप्रन घालून. हो म्हटल्यापासून त्यांचं कशात लक्ष नाही. उठतात, बसतात, नळ उघडून तसाच सोडतात. माझंही तेच. मी त्यांचं भलं केलं की त्यांना चारचौघांत उभं केलं, काही उमगत नाही. आणि त्यांचं एकच पालुपद, "आता तर तिला मुळीच सांगू नकोस."

पण ऑफिसातल्या कुणाच्या तोंडून कळलं तर तू आम्हा दोघांना उभं जाळशील, आणि तुझंच बरोबर असेल. म्हणून सांगते आहे. आईजवळ काही दिवस मावशीला बोलाव आणि सोमवारच्या आधी ये. चिडून आलीस तरी चालेल. त्या सकाळी त्यांना घरातून निघताना दारात तू हवीस. तिथे मेहुणी कामाची नाही.

त्यांचा शब्द मोडून तुझी राहिलेली,
धाकटी