मागल्या चाकाची पिन

बाबा, परवा आईनं मला तिच्या अंबाड्याच्या आकड्याची गोष्ट सांगितली. इतकी वर्षं पोटात ठेवून होती. झालं असं, की मुलीची नवी स्कूटर पहिल्या सर्व्हिसिंगला घेऊन मी भंडाऱ्याच्या एका शोरूमला गेलो होतो. अशाच एका एजन्सीच्या वर्कशॉपात मी अख्खी नोकरी काढली, पण परवा मी काचेच्या अलीकडचा माणूस होतो. आतलं पोरगं एका मोटारसायकलची चेन कशी ताणतं ते पाहायला उठलो, तर काउंटरवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, काका, आत जाता येत नाही, बसा ना. बसलो. घरी येऊन हे आईला हसत हसत सांगितलं, तर ती हसली नाही. "तुझे बाबाबी असेच बसत होते," म्हणाली, "तूच बसवलं होतं त्याहिले." आणि मग सुपारी कातरता कातरता बोलतच गेली. म्हणून हे लिहायला घेतलं. तुमच्या फटफटीच्या मागल्या चाकाच्या एका पिनेबद्दल तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. आता कळलं, की ते तुम्हाला माहीत होतं. म्हणजे त्यातलं अर्धं.

चिखल्याच्या कॉलनीतलं आपलं घर मला आठवतं ते रविवारचंच. तुम्ही खाणीत पंपावरचे फिटर. आठवडाभर जमिनीखालच्या पंपांशी भांडायचं आणि रविवारी वर उजेडात फटफटीशी, असं आई म्हणायची. ट्रान्सपोर्टच्या ठेकेदाराच्या मुन्शीकडून घेतलेली ती जुनी टू-स्ट्रोक, तिला कॉलनीत कुणी गाडी म्हणत नव्हतं, सगळे फटफटीच म्हणायचे. सकाळचा चहा झाला की तुम्ही अंगणात पोतं अंथरायचे, त्यावर आईचं सूप ठेवायचे आणि खोलायला बसायचे. रस्त्यावरून मॅंगनीजचे ट्रक दिवसभर जायचे, त्यांची काळी धूळ फिल्टरमध्ये बसायची, ती रॉकेलमध्ये धुतल्याशिवाय तुमचा रविवार उजाडत नव्हता. प्लगचा गॅप तुम्ही हॅक्सॉच्या पात्याच्या तुकड्यानं मोजायचे. पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून आतलं ऐकायचे, तेव्हा घरात कुणी भांडं जरी वाजवलं तरी तुमच्या कपाळाला आठी पडायची. आणि सुपाचा तुमचा नियम. निघालेला प्रत्येक नट, प्रत्येक वायसर ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं सुपात, डाव्या काठापासून सुरू करून. लावताना उजव्या काठापासून उलटं. सूप रिकामं झालं की काम झालं, आणि एक वायसर जरी सुपात उरला तरी सगळं पुन्हा खोलायचं. एकदा असं झालं तेव्हा मामा जेवायला आलेले, ताट वाढून ठेवलेलं, आणि तुम्ही पुन्हा पान्हा हातात घेतला. आई तेव्हा जे बोलली ते इथं लिहीत नाही. ते सूप तिनं शेवटी तुम्हालाच देऊन टाकलं आणि तांदूळ पाखडायला दुसरं आणलं.

मी आयटीआय करून भंडाऱ्याच्या एजन्सीत लागलो ते ऐंशीच्या पुढं. नव्या हलक्या चार स्ट्रोक गाड्या निघाल्या होत्या, नव्या नवरीसारखं सगळे त्यांच्याकडं बघत होते. मला निळा ड्रेस मिळाला, खिशावर एजन्सीचं नाव शिवलेलं. टॉर्क रेंच पहिल्यांदा हातात घेतलं, नट किती आवळायचा ते आकड्यात वाचता येतं हे पाहिलं, आणि माझं डोकं फिरलं. सुट्टीत घरी आलो की तुमचं प्रत्येक काम मला गावठी दिसायचं. कान लावून काय समजते, म्हणायचो. पात्याच्या तुकड्यानं कुणी गॅप पाहते का. एकदा पंपावरचे तुमचे दोन सोबती अंगणात बसलेले असताना म्हणालो, की आमच्या वर्कशॉपात असं काम केलं तर फोरमन दारातून हाकलून देईल. तुम्ही फिल्टर धूत होता, धूतच राहिलात. ते दोघं गेल्यावर एवढंच म्हणालात, "गाडी ज्याच्या बुडाखाली हाये, त्यानं ती खोलून पाहावं. बाकी तुमचं मशीन चांगलंच असल बा." मला वाटलं, जिंकलो.

जुन्या फटफटीचा क्रँक गेला तेव्हा नवी गाडी घ्यायला मीच मागं लागलो. घेतली. कुणाची नवी गाडी घरी आली की आई हार घालते, आपल्याकडंही घातला, पण तुम्ही हाराकडं न पाहता पुस्तिका वाचत होता. तीन फ्री सर्व्हिसिंगची कुपनं आणि सहा महिन्यांची वॉरंटी. आमची पद्धत अशी, की मुख्य नटांवर रंगाचा ठिपका मारलेला असायचा. मालकानं घरी पान्हा लावला, ठिपका फुटला, की वॉरंटी गेली. मी तुम्हाला ओळखून होतो. पहिल्याच रविवारी तुम्ही तिला पोत्यावर आडवी करणार, आणि वर्कशॉपात सगळे म्हणणार, याच्याच बापानं गाडी खोलली. म्हणून तुमच्याकडून शब्द घेतला. तीन सर्व्हिसिंग होईस्तोवर हात लावायचा नाही. तुम्ही पुस्तिकेची पानं चाळत राहिलात. मग म्हणालात, "ठीक हाये. नाही लावत. शब्द देला." दारूला शिवणार नाही म्हणून बुद्धविहारात एकदा बोललात आणि मरेपर्यंत शिवला नाहीत, तो हा माणूस. एवढं माहीत असूनही मला तुमच्या शब्दाचं मोल कळलं नव्हतं, हे पुढं येईलच.

पहिल्या सर्व्हिसिंगला तुम्ही शनिवारी आलात. लग्नसराई होती, वर्कशॉपात गाड्या दाराबाहेरपर्यंत लागलेल्या. तुमची गाडी मीच घेतली. तुम्ही सवयीनं माझ्या मागं मागं आत आलात आणि चाकाजवळ उकिडवे बसलात, तर फोरमननं माझ्याकडं पाहिलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाबा, बाहेर बसा. इथं चालत नाही." तुम्ही उठलात, धोतराला हात पुसलात, जाऊन बाहेरच्या बाकावर बसलात. जाळीतून तुमचं डोकं दिसत होतं. मी ऑइल बदललं, टॅपेट पाहिले, मग चेन ताणायला मागल्या चाकाचा एक्सलचा नट सैल केला. त्या नटातून एक पिन आरपार जाते, दोन पायांची, पाय वाकवून टाकले की नट कितीही हादरला तरी उलटा फिरत नाही. जुनी पिन मोडून काढली, चेन ताणली, नट हातानं बसवला, नवी पिन आणली. तेवढ्यात फोरमननं हाक मारली, एका सभापतीची गाडी चालू होत नव्हती. गेलो. परत आलो तोवर तुमची गाडी धुवायला नेलेली, जॉब कार्ड माझी वाट पाहत होतं. त्यावर बावीस चौकोन, एकेका कामाचा एक. मी बावीसही चौकोनांत बरोबरची खूण केली. तुम्ही सही केलीत, गाडीला किक मारलीत आणि चिखल्याला गेलात.

पुढच्या बुधवारी तुम्ही अचानक वर्कशॉपात आलात. मामाच्या मुलीचं लग्न आटोपून आदल्या दिवशी आसगावहून घरी पोचला होता आणि आता एकटेच बसनं आला होता. तुम्ही पिशवीतून तंबाखूचा एक जुना डबा काढला. आत कॉटर पिना, तसल्याच दोन पायांच्या, लहानमोठ्या, तेल लावून ठेवलेल्या, तुम्ही खाणीतल्या मोडीत काढलेल्या मशीनवरून जमवलेल्या. "ठेव तुझ्याजवळ. कामाले येते." आमच्या स्टोअरमध्ये पिनांची खोकी भरलेली होती. मला लाज वाटली, तुमची. मी डबा घेतला आणि पटकन ड्रॉवरमध्ये टाकला. तरी तुम्ही जाईनात. मग विचारलंत, "काहून रे, तुमच्या वॉरंटीत खोलणं मना हाये. पाहणंबी मना हाये का?" मी हसलो. म्हणालो, पाहायचं कायले, आम्ही पाहून राहिलो ना. "बरं," म्हणालात आणि गेलात. नंतर कधी तरी मी तो डबा उघडला तर पिनांच्या खाली अंबाड्याचा एक आकडा, आईचा. वाटलं, चुकून पडला असेल. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते चिखलानं बुजलं की मोकळं करायला मी तो आकडा वापरत राहिलो. कितीतरी वर्षं.

पुढच्या दोन्ही सर्व्हिसिंगला तुम्ही शब्दाप्रमाणं आलात. बाकावर बसलात. फक्त गाडी हातात आली की निघायच्या आधी मागल्या चाकाजवळ वाकून एक बोट त्या नटावर टेकवायचे, मग किक. फोरमन गालात हसायचा आणि मला राग यायचा, की हा माणूस सुधारायचा नाही. वॉरंटी संपली त्या रविवारी तुम्ही गाडी पोत्यावर घेतली आणि मग शेवटपर्यंत तिला कुणाचा हात लागू दिला नाही. ते दशक संपता संपता तुम्ही गेलात. गाडी तुमच्यानंतरही चालली, विकली तेव्हा घेणाऱ्यानं विचारलं, कोणत्या एजन्सीत सर्व्हिसिंग करत होता, इतकी चांगली ठेवली. मी आमच्या एजन्सीचं नाव सांगितलं.

आता आईनं सांगितलं ते. सर्व्हिसिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुम्ही पोतं अंथरलंत. सूपही काढलंत. गाडीसमोर थोडा वेळ बसलात. मग टाकी आणि सीट तेवढी फडक्यानं पुसलीत आणि उठलात. आई म्हणाली, लांब जायचं आहे, एकदा पाहून तर घ्या. तुम्ही म्हणालात, "पाहिलं तं हात जाते. पोराले शब्द देला." सोमवारी तुम्ही दोघं आसगावला लग्नाला निघालात. पवनी सोडल्यावर आईला वाटलं, बसायची जागा डुलते आहे. तुम्ही गाडी हळू केलीत, एका बोडीच्या, लहान तळ्याच्या, पाळीशी थांबलात, मागं वाकून पाहिलंत. नट एक्सलच्या शेवटच्या दोन आट्यांवर लटकत होता. पिन नव्हतीच. आणखी अर्धा कोस, की चाक निघालं असतं, आणि मागून उसाचा ट्रक येत होता, हे आईनं दोनदा सांगितलं. तुम्ही गाडी स्टँडवर लावलीत. सीटखालच्या पान्ह्यानं नट आवळलात, हात पुढं केलात आणि आईला म्हणालात, आकडा दे. तिनं अंबाड्यातून काढून दिला. दोन पायांचा लोखंडी आकडा, पिनेसारखाच. तुम्ही तो नटातून घातलात, पाय वाकवलेत, आणि त्या आकड्यावर आई लग्नाला पोचली, एका बाजूनं सुटलेल्या अंबाड्यानं. मांडवात शिरायच्या आधी तुम्ही तिला सांगितलंत, "पोट्ट्याले सांगू नको. त्याची नोकरी नवी हाये. मी सांगतो त्याले माझ्या हिशोबानं."

तुमच्या हिशोबानं, तो आकडा डब्यात ठेवून, तुम्ही सांगितलंतही, आणि मी त्यानं टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं. आईला वाटतं, मला पिनेचं माहीत नव्हतं, घाईत राहून गेलं. ती म्हणाली, तेव्हा तू लहान होता, जाऊ दे. तेवीस वर्षांचा होतो मी. डोळ्यांना पाणी आलं, तेही तिनं पाहिलं आणि आपल्या परीनं समजून घेतलं. कदाचित तुम्हीही असंच समजून घेतलं असेल, की राहून गेलं. म्हणून उरलेलं अर्धं लिहून टाकतो. हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही, आणि धाडायला तर तुमचा पत्ताच नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी खोलीवर येऊन निळा ड्रेस काढला तेव्हा खिशात पिन लागली. हातात घेतली आणि लगेच समजलं कुठली ते. चिखल्याच्या वाटेवरची, तुमसरची शेवटची बस अजून होती. दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टी, सकाळच्या बसनं चिखल्याला येऊन दोन मिनिटांत लावता आली असती. पण मग चौकोनात खोटी खूण केली हे तुमच्यासमोर कबूल करावं लागलं असतं, कॉलनीच्या अंगणात, त्या पोत्यावर. मी विचार केला, उद्या रविवार आहे. बाबा काही केल्या राहायचे नाहीत, गाडी खोलतीलच, पिन नाही हे त्यांनाच दिसेल आणि ते लावून घेतील. शब्द मीच घेतला होता, आणि तुम्ही तो मोडाल या भरवशावर जेवून झोपलो. पिन सोमवारी दुसऱ्या एका गाडीला लावून टाकली.