साबण नसलेला गाल

बाबा, तुमचा तो सिनेमातला गुप्तहेर परवा पुन्हा भेटला. रविवारी दुपारी लेकीने मोबाइलवर लावून दिला आणि मी चष्मा पुसून बसले, त्याच्यातली खोट काढायलाच. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या नटाचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. इचोड्याला तंबूत तो सिनेमा आला तेव्हा तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून नेलं होतं, आणि परतताना वाटभर त्याचंच कौतुक. नट असावा तर असा, वाहवा! मला मात्र तुमच्याकडून एकच शब्द मिळायचा. वर्गात पहिली आले, बरं. शाळेत बाई म्हणून लागले, बरं.

गावात जयंतीच्या उत्सवात नाटक व्हायचं, त्यातही तेच. नाटक तुम्ही लिहिलेलं, गुप्तहेर मी. स्टेजवर मधोमध एकच माईक टांगलेला. ज्याला बोलायचं त्याने तिथे यायचं, ही आपल्याकडची रीतच. राजा आला, शिपाई आला, मेलेला माणूससुद्धा उठून माईकात शेवटचं वाक्य बोलला आणि परत जाऊन मेला. मग पडद्याआड लपलेली मीही बाहेर आले आणि माईकात कुजबुजले, "मी इथे लपले आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही विंगेतून डोळे वटारलेत. "लपून हायेस ना तू? मंग माईकपाशी काऊन येऊन राह्यली? तो पाह्य सिनेमातला. तोंड तरी उघडते का तो?" मेलेल्याला कोणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून तो नट माझा वैरी. ठोंब्या आहे, अभिनय येत नाही म्हणून गप्प बसतो, असं मी मैत्रिणींना सांगत फिरले.

परवा तो प्रसंग आला. गुप्तहेर आरशासमोर दाढी करतोय आणि खिडकीखालून त्याच्या सख्ख्या भावाला पकडून नेतायत. ओळख दाखवली तर दोघंही मरणार. तो दाढी करत राहतो. लहानपणी मला एवढंच दिसलं होतं. या वेळी दिसलं, की वस्तरा एकाच गालावर पुन्हा पुन्हा फिरतोय, आणि त्या गालावर साबण उरलेलाच नाही. मी लेकीला म्हटलं, थांबव जरा. मला इचोड्याचा स्टँड आठवला. लग्न होऊन मी बेल्लमपल्लीला निघालेय, सगळे रडतायत, आणि तुम्ही बाजूला उभे राहून सायकलची सीट पुसताय. पुसलेली, कोरडी सीट, पुन्हा पुन्हा. बस हलली तरी तुम्ही मान वर केली नाहीत. या माणसाला काहीच वाटत नाही, असं म्हणून मी खिडकी ओढून घेतली होती.

तर बाबा, नट चांगला होता, तुमचंच खरं. पण माझा जळफळाट गेला नाही, उलट वाढला. त्याचा प्रसंग हवा तेव्हा मागे नेऊन बघता येतो. तुमचा एकदाच झाला, आणि तो मी चुकीचा पाहिला. लेकीने विचारलं, "आई, कसा हाये गं हिरो?" डोळ्याला पदर लावून मी म्हटलं, "बरा हाये." याहून जास्त मी त्याला देणार नाही. हे पत्र पोस्टात टाकायचं असतं, तर एवढं मी लिहिलं नसतं.