वरच्या पाड्याचा रस्ता

१२ नोव्हेंबर, धडगाव
घाटभर जीपमध्ये गुडघे छातीशी घेऊन बसलो, तरी मजा आली. तातडीच्या रुग्णसेवा केंद्राचा आराखडा करायचाय, माझं पहिलं स्वतंत्र काम! दोन गाड्यांची शेड, ऑक्सिजनची खोली, बाळंतपणाचं एक टेबल. रुग्णवाहिकेचा चालक वाहरू म्हणाला, गाडीचं तोंड घाटाकडे ठेवा, रिव्हर्समध्ये वेळ जातो. लगेच खोडून नव्याने काढलं. इथे येऊन बरं केलं.

१४ नोव्हेंबर
आशा कार्यकर्ती तापीबाईंबरोबर जागा पाहिली. त्यांचं माहेर प्रकाशा गावचं, बोलणं अहिराणी. त्यांनी सांगितलं, सहा वर्षांपूर्वी वरच्या पाड्याची रूपलीबाई बाळंतपणात अडली होती. नकाशात पाड्यापर्यंत रस्ता होता, म्हणून तिला त्या रस्त्याच्या टोकाशी महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाखाली रुग्णवाहिकेची वाट पाहत बसवलं. गाडी खाली ओढ्यापाशीच अडली. रूपलीबाई पोटातल्या बाळासकट गेली.
"तठे रस्ता व्हताच नही, साहेब. तो नकाशा काढणारा माले एकदाव भेटाले पाहिजे."
तो नकाशा मी काढला होता. नाशिकला बसून. संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता, म्हणून पायवाटेची तुटक रेघ रस्त्यासारखी सलग केली.

१५ नोव्हेंबर
भर दुपारी मोजणी. टेपचं दुसरं टोक वाहरूने धरलंय असं वाटलं. वर पाहिलं तर एक बाई. ओलं लुगडं, पोट पुढे आलेलं. नजर माझ्यावर. हाक मारली तशी टेप सुटून पायाशी आली. वाहरू तर गाडीत जेवत होता.

१६ नोव्हेंबर
आराखड्यावर फाटकापासून कागदाच्या कडेपर्यंत सलग काळी रेघ. मी काढलेली नाही. खोडली. जेवून आलो तर पुन्हा आहे.

१७ नोव्हेंबर
तापीबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी माफ करसू, साहेब. पण तिना मनमा काय शे, मी काय सांगू?"
उद्या पाड्यावर जातो. तिच्या नवऱ्याचे, वीरसिंगचे, पाय धरतो.

१८ नोव्हेंबर, सकाळी दहा
रस्ता आहे! रुंद, मुरुमाचा, मी काढला होता तसाच. तापीबाई खोटं बोलल्या का? चालतोय.

साडेदहा
रस्ता महूच्या झाडाशी संपला. मागे वळलो तर तिकडेही नाही. नुसती दरड. पोटात कळ आली.

अकरा
कळा थांबून थांबून येतात. वाहरूला फोन लागला. म्हणाला, निघालो, नकाशात रस्ता दिसतोय. ओरडलो, तो रस्ता नाही— फोन कट झाला.

बारा
खाली ओढ्याकडून हॉर्न. एकाच ठिकाणाहून. गाडी अडलीय.
ओल्या लुगड्यातली ती शेजारी येऊन बसलीय. माफी मागितली. दोनदा.

आणखी एक कळ. पेन्सिल सुटते—
तिने माझा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. सपाट आहे. रिकामं.
मग माझ्या पोटात हे कोण हल—