उड्डाण बंद

प्रिय ताई,
तुला आणि भावोजींना वाकून नमस्कार.

मी बरा आहे, जेवणखाण वेळेवर चाललंय. आईचे गुडघे काय म्हणतात?

परवा भर दुपारी विमान उतरवताना माझा डोळा लागला. टॉवरने तीनदा हाका मारल्या, मला ऐकूच आल्या नाहीत. शेवटी सहवैमानिकाने खांदा हलवला, "सर, उठा!" विमान सुखरूप उतरलं. प्रवासी जाताना 'थँक्यू' म्हणत होते आणि मला मान वर करवेना.

काल डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. तीन महिने धड झोप नाही, कशात जीव रमत नाही.

ते म्हणाले, "हे तुमच्या वैद्यकीय अहवालात लिहिलं तर उड्डाण बंद. कदाचित कायमचं."

"लिहा," म्हटलं.

आईला एवढंच सांग, रजा मिळालीय. ताई, थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? काही विचारू नकोस, नुसतं झोपू दे.

तुझाच,
धाकटा